फरशीवरची हॅना

अर्धी वाट संपली होती आणि डोरीन टॅपलीचे गुडघे बोलायला लागले होते. लंडनमधल्या डेटफर्डच्या जुन्या गोदीमागच्या गल्ल्यांतून ती पुढे चालत होती, मागे पाहुण्यांचा घोळका. सगळ्यांत शेवटी, कोणी चुकू नये म्हणून, तिच्याच मजल्यावर राहणारी विमल.

"बाई, तो खुनी कोण होता ते कधी सांगणार?" टोपीवाल्या गृहस्थानं पुन्हा विचारलं.

"तुमच्या आईला कोणी मारलं, तर भिंतीवर फोटो कोणाचा लावाल? आईचा की त्याचा?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

डोरीनचा खाक्याच तसा. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी या गल्ल्यांत तीन बायका मारल्या गेल्या. मारणाऱ्यावर पुस्तकं निघाली, त्याच्या नावाचे चहाचे मग निघाले. बायकांच्या वाट्याला वर्तमानपत्रातला एकच शब्द आला, 'बदचालीच्या'. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या डोरीनच्या ते वाचनात आलं आणि ती जी पेटली, ती अजून विझलेली नाही. दर रविवारी दुपारी लोकांना या गल्ल्यांतून फिरवत त्या तिघींची गोष्ट सांगायची, ही फेरी ठरलेली. खुन्याचं नाव तिच्या तोंडून आजवर कोणी ऐकलेलं नाही.

टार लेनच्या कोपऱ्यावर ती वळली आणि थबकली. त्या तिघींपैकी हॅना पर्किस जिथे मरून पडली, नेमकं तिथेच, पबसमोरच्या फरशीवर, पांढऱ्या रंगात बाईची आकृती काढलेली. हात पसरलेले, भोवती लाल शिंतोडे. रंग अजून ओलसर होता. एक जोडपं आकृतीशेजारी उकिडवं बसून जीभ बाहेर काढून फोटो काढत होतं.

पबचा नवा मालक ग्रेग दारात उभा. "कशी वाटली, आजी? तुझ्याच फेरीला हातभार. इथेच संपव आणि मंडळींना आत आण."

"आजी असेल तुझ्या घरी. बादली आहे?"

"कशाला?"

"तुझी घाण तुझ्याच बादलीत भरायला."

ग्रेग हसला, पण हलला नाही. समोर चिप्सचं दुकान चालवणाऱ्या जोननं न विचारता बादली, ब्रश आणि साबण आणून ठेवला. "घास गं बाई," ती म्हणाली, "मघापासून माझ्या डोळ्यांत खुपतंय ते."

जुन्या काळी इथल्या बायका दाराची पायरी दगडानं घासून पांढरी ठेवत. पायरी काळी दिसली की घरातल्या बाईची गल्लीभर अब्रू जाई. हॅना पोटासाठी लोकांच्या पायऱ्या घासायची. त्या पहाटे ती कामावरच निघाली होती. डोरीन हे याच जागी सांगायची. आज तिनं कोट काढला आणि गुडघे टेकले.

"अगं, डॉक्टर काय म्हणाला होता?" विमल पुढे धावली.

"तो कुठे हॅनाला ओळखतो!"

ब्रश खरखरू लागला. ग्रेग म्हणाला, "उद्या परत रंगवीन."

"रंगव की. रस्ता तुझ्या बापाचा नाही. बघू आधी तुझा रंग संपतो की माझा साबण."

पण घासताना तिला बोलायला दम पुरेना. घोळका चुळबुळला. "गोष्ट संपली वाटतं," म्हणत टोपीवाला पबच्या दाराकडे वळला, त्याच्यामागे आणखी दोघं. ग्रेगनं दार सताड उघडून धरलं. आता ही माणसं आत गेली, की हॅनाबद्दल त्यांना जे काही कळणार होतं, ते ग्रेगच्या तोंडून.

डोरीननं हे पाहिलं. विमलनं तिच्या काखेत हात घालून उठवायला सुरुवात केली, तो हात डोरीननं साबणाच्या हातानं झटकला.

"मला उठवू नकोस. रंग वाळायच्या आत निघायला हवा. सगळं पाठ आहे तुला, मागे ओठ हलवत असतेस, मला काय दिसत नाही? रोज दिव्यापाशी हॅनाचं नाव देवाला सांगतेस ना विमल, आता यांना सांग. मोठ्यानं."