थंडीवाल्या बाईंचा फोन

दूध गॅसवर चढवलं की मावशी ओट्यावरचं स्टीलचं ताट उचलायची आणि त्याच्या पाठीत स्वतःचं तोंड बघायची. ओठांचा चंबू करून हलकेच म्हणायची, "वेदर." मग पुन्हा, "वेदर." वरचे दात खालच्या ओठाला लागता कामा नयेत, असं तिला क्लासमध्ये सांगितलं होतं. लागले की ती चिडून ताटच पुसायची, जणू चूक ताटाची होती. तेवढ्यात दूध वर यायचं आणि काका आतून ओरडायचे, "अगं, हवामान खात्यात लागलीस की काय? बाहेरची हवा राहू दे, आधी गॅस बंद कर!"

एम.ए. करायला मी तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा हे रोजचं झालं होतं.

मावशी हातमोजे शिवणाऱ्या कारखान्यात होती. कितीतरी वर्षं ती कटिंगला उभी राहिली. तिथल्या हवेत कापडाची बारीक तूस तरंगत असते. उन्हाच्या तिरिपेत ती सुंदर दिसते, छातीत उतरली की खोकला होतो. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की त्या हॉलमध्ये पुन्हा काम करायचं नाही. त्याच सुमाराला परदेशी गिऱ्हाइकांशी बोलणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले. मालक म्हणाले, "एक हंगाम फोनवर बसून बघा, बाई. जमलं तर टेबल तुमचं. नाहीतर परत कटिंग." आणखी कुठली जागा त्या कारखान्यात नव्हती.

माप, शिवण, पाठवण्याची तारीख, एवढं इंग्रजी तिला येत होतं. धसका होता तो त्याच्याआधी जे बोलावं लागतं त्याचा. क्लासचे सर म्हणायचे, हवा, प्रवास, सुट्टी, खेळ एवढंच बोला. वय, लग्न, पगार, आजार यांत नाक खुपसू नका.

"मग माणूस कळायचा कसा?" मावशीनं मला विचारलं होतं.

"कळायला नकोच असतो म्हणे."

"कमाल आहे. बोलायचं पण कळू द्यायचं नाही."

सर 'प्लीज' आणि 'थँक यू' वाक्यावाक्याला पेरायला लावत. 'थँक'साठी जीभ दातांच्या फटीतून किंचित बाहेर यावी लागते. चारचौघांत जीभ दाखवायची तिला लाज वाटायची, पण टेबलासाठी तिनं तेही केलं.

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एका थंड मुलखातल्या बाई. फोनवर आधी तिथल्या थंडीचं सांगायच्या, म्हणून घरात त्यांचं नाव पडलं थंडीवाल्या बाई. सुरुवातीचे फोन मावशीनं घामाघूम होऊन काढले. मग एकदा त्या बाईच सरांचा नियम मोडून बसल्या. त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याचा मागचा पाय गेला होता आणि सांगता सांगता त्यांचा आवाज फुटला. तेव्हापासून दर फोनला आधी कुत्रा, मग हातमोजे. संध्याकाळी घरी आल्यावर मावशी चपला काढता काढता सांगायची, "आज थोडं चाललं म्हणे."

"काय, कारखाना?" काका विचारायचे.

"कुत्रं!"

त्या दिवसांत तिचा खोकलाही कमी झाला होता. हे टेबल आपल्याला मिळणार, असं तिला बहुधा वाटू लागलं होतं. मोठ्यानं म्हणाली मात्र नाही.

आणि हंगामाची ऑर्डर तोंडावर आली असताना मालकांनी तिला आत बोलावलं. "काही बिनसलंय का, बाई? त्या परदेशी बाईंनी मला फोन करून विचारलं, आमचं काही चुकलं का म्हणून. तुमच्या बाई आधी किती अदबीनं बोलायच्या, आता तुटक बोलतात, म्हणाल्या. उद्याच्या फोनला मी शेजारी बसतो."

ती घरी आली ती पांढरीफटक. पानावर बसली, पण घास काही उचलेना.

"माझा डब्ल्यू बिघडलाय," ती म्हणाली. "नाहीतर दुसरं काय? वेदर म्हणते आणि त्यांना शिवीबिवी ऐकू येत असणार."

"शिवी दिली असतीस तर त्या मालकांना कशाला विचारत्या? तुलाच दिली असती परत," काका म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. तुमचा जीव जात नाहीये."

मी म्हटलं, "मावशी, मी थंडीवाली बाई होते. बोल माझ्याशी." हवा झाली, कुत्रा झाला. तिचे उच्चार नीट होते. मग मी म्हटलं, सॅम्पल पोचले, सुरेख आहेत, मापं उद्या पाठवते.

"गुड. सेंड टुमॉरो," ती म्हणाली आणि माझ्याकडे प्रेमानं बघत राहिली.

मी थांबले. "प्लीज कुठं गेलं? थँक यू?"

"आता कशाला?"

"आता म्हणजे?"

"अगं, ओळख नव्हती तेव्हा म्हणत होते की. आता ती आपली झाली. माझ्याजवळ रडते ती. तिला काय आभार मानून दाखवू? तू मला पाणी आणून दिलंस तर मी थँक यू म्हणते का तुला?"

काकांचा हात ताटातच थांबला. मला हसू येत होतं आणि नाहीही. मी तिला सांगितलं, तिकडे घरात, नवऱ्याला, पोराबाळांनासुद्धा म्हणतात. म्हणायचं सोडलं की त्यांना वाटतं, माणूस रागावलं.

मावशीनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "म्हणजे मी तिला जवळ करत होते आणि तिकडे तिला वाटत होतं..." पुढचं तिला खोकल्यानं बोलू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. पॅकिंगच्या खोलीतून ऑफिस काचेपलीकडे दिसत होतं. तिनं रिसीव्हर कानाला लावला. शेजारी मालक हाताची घडी घालून बसले. आवाज येत नव्हता, पण ओठ दिसत होते. चंबू झाला, म्हणजे हवा झाली. मग ती ऐकत राहिली, मान हलवत, डोळे मिटून. कुत्र्याचं असणार. नंतर दातांतून जिभेचं टोक दिसलं. थोड्या वेळानं पुन्हा दिसलं. मालकांनी घडी सोडली. मावशी फोनवर हसत होती, पण दुसरा हात टेबलाच्या कडेवर घट्ट होता, कोणी ते ओढून नेईल की काय अशा धास्तीनं.

परत येताना निम्म्या रस्त्यावर मी विचारलं.

"म्हणालीस सगळं?"

"म्हणाले. बँकेच्या खिडकीवर बोलावं तसं. ती खूश झाली गं. किती गोड हसली." मग जरा थांबून, "मला मात्र वाटलं, दारात आलेल्या माणसाला बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं."

"मालक काय म्हणाले?"

"ऑर्डर येईल असं वाटतंय, म्हणाले. वाटतंय." तो शब्द ती दोनदा-तीनदा पुटपुटली. पलीकडून एक टेम्पो धूळ उडवत गेला. तिनं पदर नाकाशी धरला आणि धूळ खाली बसेपर्यंत तशीच उभी राहिली.

जिना चढताना ती कठड्याला धरून थांबली. मला वाटलं, अजून काही सांगणार आहे.

"खाली दारात तुझी सायकल आडवी आहे, ती आत घेऊन ठेव," ती म्हणाली. "उद्या मापं येणार आहेत, मला लवकर निघायचंय."