लोणच्याची बरणी

आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक खोकं ठेवलं होतं, पुनर्वापरासाठी द्यायचे बंद पडलेले मोबाइल त्यात टाकायचे. येता-जाता सगळे आत डोकवायचे, रिकामं पाहून पुढे जायचे. मीही. शेवटी तळमजल्यावरच्या सुलभाकाकूंनी खोकं काढून लोणच्याची धुतलेली काचेची बरणी ठेवली आणि आपला बटणांचा फोन तिच्यात टाकला. म्हणाल्या, "आता दिसेल तरी!"

परवा पाहिलं, तर बरणी गळ्यापर्यंत भरलेली. तडे गेलेले, रबरबँड लावलेले फोन एकमेकांना टेकून बसलेले. चांगल्या कामालाही माणसाला शेजार लागतो, याचं मला उगीचच बरं वाटलं. वर जाऊन कपाटातला माझा फोन घेऊन आले, तर काकू दुसरी बरणी पुसत होत्या.