दीर्घश्वास सरांचं लाल कार्ड

विशेष मुलांना शिकवायला निघालेल्या शिकाऊ शिक्षकांना ताण कसा सांभाळायचा ते शिकवणारे हे सर. पाठीमागे सगळे त्यांना दीर्घश्वासच म्हणायचे. चौदा वर्षं शिकवत होते, पण त्या मुलांच्या वर्गात कधी पाऊल म्हणून टाकलं नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! घरी चहा गार झाला तर बायकोवर खेकसणारा हा माणूस इथे पितळी घंटी वाजवून म्हणायचा, नाकाने घ्या, तोंडाने सोडा.

शिकाऊंमध्ये एक चष्मेवाली होती. ज्या मुलांना बोलता येत नाही, ती असह्य झालं की 'पुरे' लिहिलेलं लाल कार्ड दाखवतात. मग काही न विचारता त्या मुलाला कोपऱ्यातल्या चटईवर बसवायचं, असा वर्गाचा नियम. चष्मेवाली सरांना म्हणाली, असं एक कार्ड आम्हालाही द्या ना. सर हसले, सगळ्यांना हसवलं, आणि तिच्या नावापुढे शेरा मारला, 'मनाने कच्ची'. शेरा कायम राहिला तर प्रमाणपत्र नाही, म्हणजे वर्ष पाण्यात आणि ठरलेली नोकरीही गेली. बिचारी आठवडाभर नीट जेवली नाही. उरला होता फक्त मुलांच्या वर्गातला प्रात्यक्षिकाचा तास, आणि तो तपासायला या वेळी सरांनाच जावं लागणार होतं.

त्या तासाला सर घंटी घेऊनच वर्गात आले आणि आल्या आल्या वाजवली. चष्मेवाली नको म्हणेपर्यंत सात वर्षांची एक मुलगी कान दाबून किंचाळायला लागली, दुसऱ्याने रंगाच्या पाण्याचा डबा उपडा केला, तिसरा टेबलाखाली शिरला. सरांनी दीर्घ श्वास घेतला, तो काही सुटेना. घाबरून त्यांनी घंटी पुन्हा वाजवली. आता काय म्हणावं या कर्माला! चष्मेवालीने ती काढून घेऊन रुमालात गुंडाळली आणि मुलीजवळ जमिनीवर नुसती बसून राहिली. हळूहळू किंचाळणं थांबलं. सर मात्र भिंतीला चिकटूनच उभे होते. शेजारच्या टेबलावरचं हाताला लागलं ते कार्ड त्यांनी वर धरलं. लाल.

मघाची मुलगी उठली. नियम म्हणजे नियम. तिने सरांचं बोट धरून त्यांना चटईवर बसवलं आणि समोर वाळूचं घड्याळ उलटं करून ठेवलं. वाळू संपेपर्यंत उठायचं नाही.

चष्मेवालीने शेजारी बसून हळूच विचारलं, "सर, कच्चीच राहू का मी?"

"खोडतो," सर वाळूकडे बघत म्हणाले.

खोडला, खरंच खोडला. पुढच्या तुकडीला मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी लाल कार्डं वाटली आणि सांगितलं, ही युक्ती मला चौदा वर्षांच्या अनुभवातून सुचली.