न झालेली ग्रामसभा

बुलडाणा जिल्ह्यात मी वीसेक वर्षं ग्रामसेवक आहे. या काळात किती ग्रामसभा खरोखर भरल्या आणि किती मी घरी बसून लिहिल्या, हे कधी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

पद्धत सोपी होती. वरून ठरावाचा नमुना यायचा, टाइप केलेला, फक्त गावाच्या नावाची जागा कोरी. मी तो रजिस्टरात उतरवायचो, खाली 'सर्वानुमते मंजूर', आणि मग शिपाई घरोघर सह्या गोळा करायचा. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं, घटनादुरुस्तीनं गावाला घटनेत जागा दिली. दिल्ली, मुंबई आणि गाव, असं हे तिसरं सरकार. परीक्षेत मी ते छान लिहिलंही होतं.

गायरानाचा ठराव असाच आला. गायरान सौर प्रकल्पाला द्यायचं, ग्रामसभेची संमती दोन दिवसांत हवी. शिपाई लग्नाला गेलेला, म्हणून रजिस्टर मीच फिरवलं. बौद्धवाड्यात एक मावशी शेळ्यांना पाला टाकत होत्या. चार शेळ्या, चारही गायरानावर चरणाऱ्या. सही करायला मावशी उतारवयात नातीकडून शिकल्या होत्या.

"कायची हाय जी सही?"

"हजेरी आहे मावशी, सभेची."

"सभा कवा झाली?"

"झाली सकाळी."

"मले तं दवंडी नाई आयकू आली," म्हणाल्या, आणि तरी एकेक अक्षर जपून काढलं.

खांब रोवायला माणसं आली आणि शेळ्या हाकलल्या गेल्या. मावशी ऑफिसात आल्या. आवाज चढवला नाही.

"साहेब, जमीन म्याच देल्ली म्हणतेत. माही सही दाखोली त्यायनं. म्या कवा देल्ली?"

"वरून आदेश होता मावशी."

"वरून होता, मंग माही सही काऊन लागली?"

उत्तर मला पाठ होतं. घटनेनं मावशींसारख्यांनाच विचारायला सांगितलं होतं. वरच्यांना त्यांचा होकार डावलता येत नव्हता, म्हणून तर तो मी चोरून आणला. त्या दिवशी मी रजिस्टर कपाटात ठेवून कुलूप लावलं. मावशींनी दोन शेळ्या विकल्या.

यंदा सव्वीस जानेवारीच्या सभेची दवंडी मी दोनदा दिली, कचऱ्याच्या गाडीच्या भोंग्यावरूनही. झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात माणसं बसली. मी उभा राहिलो आणि सांगितलं, गायरानाची ती सभा झालीच नव्हती. ठराव मी घरी लिहिला, सह्या हजेरीच्या म्हणून घेतल्या.

सरपंचांनी बाही ओढली. "बसा ना साहेब, काऊन उकरून राह्यले?"

मागून कुणी म्हणालं, "नोकरी जाईन बरं तुमची." थोडे हसले.

मावशी हसल्या नाहीत. "मंग आता लिवा. आमच्यासमोर."

उभ्यानंच लिहिलं. जुनी संमती रद्द. सूचक म्हणून मावशींचं नाव. रजिस्टर पुढं केलं, तर त्यांनी पेन घेतला नाही.

"आंधी वाचून दाखोवा."

दोनदा वाचून दाखवलं, तेव्हा सही केली.

आता माझी चौकशी लागली आहे. गायरान परत मिळेल का, माहीत नाही. खांब अजून तिथंच आहेत. परवा जबाब आहे. दबाव कुणाचा होता, ते विचारतील, तेही सांगणार आहे. पण आधी रजिस्टरातलं माझं अक्षर दाखवीन. त्या दिवशी सकाळच्या बसनं बुलडाण्याला जातोय. मावशी म्हणाल्या, मीबी येतो, माही सही माह्याच तोंडानं सांगतो.