चंद्रभानचे दोन पट्टे

आमच्या नाटक मंडळीचे पडदे चंद्रभान रंगारी रंगवायचा. महाल, अरण्य, कैलास, सगळं त्या एका माणसाच्या हातचं! मी राजाच्या भूमिका करायचो, म्हणून तो मला जन्मभर ‘राजे’च म्हणाला. “राजे, सिंहासन वल्लं हाय, टेकू नका!” असं ऐन प्रवेशाच्या तोंडावर विंगेतून सांगायचा. मी कितीदा तरी उभ्यानेच राज्य केलं आहे.

पावसाळ्यात नाटकं बंद. तेव्हा तो पिंगळीजवळच्या आमच्या गावात घरं रंगवी. त्याचा एक नेम होता. भिंतीवर दोन रंगांचे हातभर पट्टे ओढायचे आणि निघून जायचं. “चुन्याचा रंग वल्ला असला की खोटं बोलतो. दोन दिवस वाळू द्या, मग ठरवा.”

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैअखेरीस शाळेतल्या सत्यशीलाबाईंच्या ओसरीवर त्याने असेच पट्टे ओढले. एक पिवळा, एक निळा. बाई बौद्ध, त्यांना निळा हवा होता. सासू सुलाबाई म्हणाली, “समदं गाव पिवळं हाय. आपलंच घर लांबून कशाला दिसावं?”

पहिल्या दिवशी येणारेजाणारे थट्टा करत होते. “बाई, निम्मं निम्मं करा की!” त्या संध्याकाळी रेडिओवर बातमी आली, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी तीच माणसं भिंतीसमोर थांबत, निळ्या पट्ट्याकडे बघत आणि न बोलता पुढे जात. दुपारच्या एसटीने गावोगावी बौद्धांची घरं पेटवल्याच्या बातम्या आणल्या.

चंद्रभान पांढऱ्या चुन्याचा डबा घेऊन धावला. मी मागोमाग.

“बाई, चूक माझी हाय. तुमच्या घरावर खूण मीच करून ठेवली. दोन्ही पट्ट्यांवर पांढरा मारतो.”

बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “वाळल्यावर कोणता चांगला दिसायलाय, चंद्रभान?”

त्याने दोन्ही पट्ट्यांवरून बोट फिरवून पाहिलं. “खरं सांगू? निळा.”

“मग निळाच मारा.”

सुलाबाई उठली. आत जाऊन गाठोडं बांधू लागली.

दिवस मावळेपर्यंत ओसरी निळी झाली. उरलेला रंग घेऊन चंद्रभान घरी आला आणि आपल्याच दर्शनी भिंतीवर कुंचला ओढू लागला. त्याची बायको कमलबाई ओरडत बाहेर आली. “येड लागलं का तुमाला? आपण त्यांच्यातले हाव का?”

“न्हाई ना. म्हणून तर. निळी घरं मोजणाऱ्याचा घोळ होऊ दे जरा.”

माझं घर त्याला लागूनच. तो माझ्याकडे वळला. “राजे, थोडा उरलाय. तुमच्या भिंतीला?”

गल्लीच्या तोंडाशी चार अनोळखी माणसं उभी होती. त्यांच्या मागे, शेतांपलीकडे, धूर सरळ वर चढत होता.

“उद्या बघू,” मी म्हणालो.

“उद्यापर्यंत चुना तळाला बसतो, राजे.”

त्याने डबा झाकला आणि त्या चौघांकडे तोंड करून, ओल्या भिंतीला पाठ टेकून खाली बसला.