टपरीवाल्या काकांची उशी

चाकणला आमच्या कंपनीबाहेरच्या टपरीवर एक ॲम्ब्युलन्सवाला चहा बशीतच प्यायचा. कॉल आला तर गरम कप टाकून पळावं लागतं ना! तोवर टपरीवाल्या काकांच्या बुडाखालची उशी ओढून आम्हाला, हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची, ते शिकवायचा.

"जोरात, राव! कणीक मळताय व्हय?"

आम्ही नुसते हसायचो.

एका दुपारी कंपनीत आमचे सुपरवायझर कोसळले. श्वास बंद. ती ओरड आठवून मी छाती दाबत राहिलो. शेवटी त्या ॲम्ब्युलन्सवाल्याचीच गाडी आली, गाडीतल्या डॉक्टरांनी शॉक दिला आणि साहेब वाचले.

पुढे टपरीवर मी त्याचे आभार मानले. बशीवर फुंकर मारत तो म्हणाला, "आमी पोचलो तवा छाती दाबणारा माणूस होता. रोज नसतो."

मग काकांना उठवून उशी माझ्या हातात दिली. "आता तुमी शिकवा."