दादा ऑनलाइन नव्हता

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून चहा टाकायला जाणारी बाई मी. आमच्या घरात अंगारा नाही, देवऋषी नाही. पौर्णिमेला विहारात जायचं, वंदना म्हणायची, एवढंच. तेव्हा "तुला भास झाला असेल" हे कृपा करून कुणी सांगू नका... ते मीच स्वतःला सांगून दमलेय.

साल नव्याण्णव. गाव आमचं वडूज, पण वडील गेल्यावर मी सांगलीत मामाकडे राहायचे आणि विश्रामबागला एका सायबर कॅफेत काउंटर सांभाळायचे. चॅटिंगचं खूळ नवंनवं होतं. सगळं वाईटच होतं असं नाही. दुबईतल्या नवऱ्याशी बोलून डोळे पुसत, हसत घरी जाणारी बाई मी पाहिलीय. आणि मुंबईच्या मॉडेलच्या प्रेमात पडून परीक्षा बुडवणारा पोरगाही पाहिलाय... मॉडेल म्हणजे पलीकडच्या टेबलावरचा त्याचाच मित्र होता.

माझा थोरला भाऊ, दादा, आखातात बांधकामावर होता. सुट्टीवर आला तेव्हा मीच त्याला चॅटचा आयडी काढून दिला. पासवर्ड आमच्या कॅफेच्या पद्धतीनं — ज्याचं जे गाव, तोच पासवर्ड. कारण लोक विसरायचे आणि आमच्यावरच डाफरायचे.

त्याच सुट्टीत त्यानं माझं लग्न जमवलं. मुलगा खंडाळ्याचा, सरकारी नोकरीत. साखरपुडा झाला. नंतर एकदा तो कॅफेत आला, माउस हातात धरून म्हणाला, मलाबी शिकवा की. मला तो आवडला होता. आता लाजायचं काय — लय आवडला होता.

दादा परत गेला. तारखेची बोलणी व्हायची होती, आणि एका दुपारी स्क्रीनवर त्याचं नाव आलं. 'मी येईपर्यंत लग्न करू नको. थांब.' का, म्हणून विचारलं. परत विचारलं. कुणीतरी टवाळ पोरगा असणार असं वाटलं, कारण आमचे पासवर्ड म्हणजे उघडं दार. म्हणून लिहिलं, दादा असशील तर आपल्या दोघांनाच माहीत असलेलं काहीतरी सांग. जरा वेळानं आलं — 'मटकीच्या रानात तुला विंचू चावला. आईला सांगू नको म्हणून मी गूळ दिला.' हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

मामाला बोलावून दाखवलं. दादा तेव्हा वाळवंटातल्या कुठल्याशा साइटवर, तिथे फोन लागत नव्हता. आमच्यात थोरल्याचा शब्द म्हणजे शब्द. तो तोंडातून आला की पडद्यावरून, असा प्रश्न मामाला पडलाच नाही. त्यानं मला प्रिंटआउट काढायला लावलं, घडी घालून खिशात टाकलं आणि खंडाळ्याला जाऊन मुलाच्या वडिलांच्या हातात दिलं. पाणीसुद्धा न पिता परत आला. त्याच उन्हाळ्यात मुलाचं दुसरीकडे लग्न लागलं.

त्यानंतर शेजाऱ्यांकडे दादाचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "वैशे, तारीख कुठली धरली गं? रजा टाकायची हाय मला."

मी म्हटलं, अरे, तूच तर थांब म्हणून लिहिलंस ना! त्याच्या साइटवर कंप्युटर नव्हता, त्यानं काही लिहिलंच नव्हतं. विंचवाचं विचारलं तर म्हणाला, कुठला विंचू? मला नाही आठवत. म्हणजे ती गोष्ट जगात एकट्या मला ठाऊक होती. एक मैत्रीण म्हणते, तूच लिहिलं असशील, भ्रमात. अगं, पण मी कशाला लिहीन? मला तर ते लग्न हवं होतं...

दादा पुढच्या सुट्टीत आला तो बॅग टाकून तसाच खंडाळ्याला गेला, माफी मागायला. मुलाच्या वडिलांनी बसवून घेतलं, चहा दिला. मग म्हणाले, "पोरा, कागदावर थांब एवढंच हुतं की. आमी थांबलो असतो. तुझ्या मामानं कागद दिला आन् पाठ फिरवली. थांबता का म्हणून आमाला कुनी इचारलंच न्हाई."

चॅटवर कोण होतं, याचा उलगडा अजून झालेला नाही. खरं सांगायचं तर आता मी शोधतही नाही. लग्न त्या चॅटवरच्यानं मोडलं, असं म्हणायचीसुद्धा सोय राहिली नाही.